वॉर्डातला ताप कुणाकडून आला?

सख्यांनो, आपल्या एका गटातली सखी एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून काम करते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, गावाचं नाही आणि तिचंही नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिच्या वॉर्डात भलत्याच आजारासाठी आलेले चार पेशंट आठवड्याभरात पॉझिटिव्ह निघाले. सगळ्यांत आधी रिपोर्ट आला होता हिचा. झालं, सगळ्यांची बोटं हिच्याकडं. "गावाकडनं घेऊन आली नि इथं वाटला." बरी होऊन कामावर गेली तर तिला वॉर्डातनं काढून जिना आणि संडास धुवायला लावलं. आणि गावात काय, तर उलटी कथा. "दवाखान्यातनं हिनंच आणला." दोन्हीकडं दोषी हीच.

मागच्या सभेत हप्ते गोळा करून झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, हे खरंखुरं कळतं का हो कधी? माझ्यापासनं त्यांना गेला, का त्यांच्यापासनं मला लागला?"

कळू शकतं. दर वेळी नाही, पण आता पुष्कळदा कळतं. ते कसं, तेच या अंकात लिहायचं ठरवलं.

विषाणू म्हणजे काय, तर स्वतःची नक्कल कशी करायची एवढ्यापुरता लिहिलेला एक मजकूर, आणि त्याभोवती एक कवच. आपल्या शरीरातल्या पेशीत शिरला की तो पेशीलाच कामाला लावतो आणि स्वतःच्या हजारो नकला काढून घेतो. कोरोनाच्या विषाणूचा मजकूर साधारण ३०,००० अक्षरांचा आहे. अक्षरं चारच प्रकारची, पण त्यांचा क्रम ठरलेला. एवढा मजकूर पुन्हा पुन्हा उतरवायचा म्हटल्यावर चुका होणारच.

इथं आपल्या वह्या आठवा. नियमावली छापून मिळत नव्हती, तेव्हा एका गटाच्या वहीवरनं दुसरा गट नियम उतरवून घ्यायचा. समजा, एका सचिवबाईंनी उतरवताना गैरहजेरीचा दंड पाच रुपयांच्या जागी पन्नास लिहिला. आता त्यांच्या वहीवरनं जो गट उतरवील त्याच्याकडंही पन्नासच जाणार. तिथल्या सचिवबाई घाईत आणखी एक शब्द गाळतील. तिसऱ्या गटाकडं पन्नासही जाईल आणि तो शब्दही गळलेला असेल. पुढं कधी प्रभागसंघाच्या ऑडिटला या सगळ्या वह्या एका टेबलावर आल्या, तर कुणाची वही कुणावरनं उतरवली हे कुणाला विचारायची गरज नाही. चुकाच सांगतील. आणि ज्या वहीत दंड नीट पाच रुपये लिहिलाय, ती त्या पन्नासवाल्या बाईंच्या वहीवरनं उतरवलेली नाही, हेही उघड.

विषाणूचं अगदी असंच आहे. कोरोनाच्या मजकुरात महिन्याला साधारण दोन चुका टिकून राहतात आणि पुढं जातात. बहुतेक चुकांनी आजार वाढतही नाही की कमीही होत नाही, त्या नुसत्या खुणा. या खुणा वाचायच्या, म्हणजे मजकुरातलं अक्षर न् अक्षर क्रमानं वाचायचं, याला म्हणतात जिनोम सिक्वेन्सिंग. दुसऱ्या लाटेच्या वेळी बातम्यांत हा शब्द रोज कानावर पडायचा.

आरटीपीसीआर आणि हे एक नव्हे. आरटीपीसीआर सांगते, विषाणू आहे का नाही. सिक्वेन्सिंग सांगतं, आहे तो कुठल्या वहीवरनं उतरलेला. नाकातनं घेतलेला नमुना तोच चालतो, परत काडी घालावी लागत नाही. त्यातनं विषाणूचा मजकूर वेगळा काढतात, त्याच्या भरपूर प्रती करतात, मग यंत्र त्याचे तुकडे वाचतं आणि संगणक ते तुकडे एकमेकांना जुळवून सलग मजकूर तयार करतो. फाटलेल्या वहीचे कपटे आपण लावतो तसं. नमुन्यात विषाणू भरपूर असावा लागतो. अगदी थोडा असेल तर कपटे कमी पडतात आणि मधली पानं कोरी राहतात.

आता आपल्या भागातलं बोलू. इस्लामपूरचं तर सगळ्यांना आठवत असेल. २३ मार्च २०२० ला, सौदी अरेबियाहून आलेल्या तिथल्या एका कुटुंबातल्या चार जणांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. आठवडाभरात चाराचे दोन डझन झाले. तेव्हा आपल्या फोनवर त्या घरच्या माणसांविषयी काय काय फिरत होतं तेही आठवा, आणि त्यातलं आपण काय काय पुढं पाठवलं तेही. पण त्या वेळी एक सोय होती. सगळा जिल्हा थांबलेला होता, रुग्ण मोजके होते, त्यामुळं कोण कुणाला कधी भेटलं हे विचारून विचारून साखळी कागदावर मांडता आली. आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघरी फिरले, शहराचा तो भाग बंद केला आणि साखळी तिथंच तुटली. तिथं कुणाची अक्षरं वाचत बसायची वेळच आली नाही. माणसं विचारूनच काम झालं.

पुढच्या वर्षी ती सोय राहिली नाही. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, गावागावात रुग्ण. एकाच बाईला तो घरात लागू शकत होता, बाजारात, लग्नात, नाहीतर कामाच्या जागी. अशा वेळी "कुणाकडून आला" याला विचारपूस पुरत नाही. आपल्या सखीचं घोडं तिथंच अडलं.

यंत्रणा मात्र तोवर उभी राहत होती. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं अक्षरं वाचणाऱ्या प्रयोगशाळांचं 'इन्साकॉग' नावाचं जाळं तयार केलं. सुरुवातीला त्यात १० प्रयोगशाळा होत्या, त्यातल्या दोन आपल्या जवळच्या, पुण्यातल्या. एक राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपण जिला एनआयव्ही म्हणतो ती. दुसरी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. पुढं पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातही हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. २०२१ च्या सुरुवातीला विदर्भात रुग्ण अचानक वाढले, तेव्हा तिथल्या नमुन्यांत एकाच जातीच्या खुणा वारंवार दिसायला लागल्या. पुढं जगभर ज्याला डेल्टा म्हणाले, त्याच कुळातला हा विषाणू. त्याच वर्षी मेपासून राज्यानं साडेसात हजार नमुने तपासायला घेतले आणि जूनपर्यंत त्यात 'डेल्टा प्लस'चे २१ रुग्ण सापडले, सगळ्यांत जास्त रत्नागिरी आणि जळगावला.

हे झालं जिल्ह्याचं आणि राज्याचं. पण हीच रीत एका दवाखान्यापुरती, एका वॉर्डापुरतीही वापरता येते, आणि आपल्या सखीचा प्रश्न तोच आहे. यातलं मला सगळ्यांत बोलकं वाटलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. दूरचं आहे, पण वाचताना आपलाच दवाखाना डोळ्यांपुढं येतो.

डर्बन शहरात सेंट ऑगस्टीन नावाचं मोठं खाजगी रुग्णालय आहे. ९ मार्च २०२० ला युरोपातनं परतलेला एक माणूस तिथं तपासायला आला. त्याला कोरोना होता. थोडा वेळ थांबला आणि घरी गेला. त्याच वेळी तिथल्या तातडीच्या विभागात पक्षाघाताचा संशय असलेल्या एका वृद्ध बाईंना आणलं होतं. त्या पुढं वॉर्डात दाखल झाल्या. एप्रिल संपेपर्यंत त्या रुग्णालयाशी जोडलेले ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी असे ११९ जण पॉझिटिव्ह निघाले. १५ रुग्ण दगावले. जवळच्या एका वृद्धाश्रमात आणि डायलिसिस केंद्रातही लागण पोचली.

एवढी माणसं म्हटल्यावर कुणालाही वाटेल, बाहेरनं वेगवेगळ्या लोकांनी आणला असणार. कर्मचारी गावागावातनं येतात, त्यांनीच आणला असणार. तुलिओ दि ऑलिव्हेरा आणि रिचर्ड लेसल्स यांच्या पथकानं १८ जणांच्या विषाणूंची अक्षरं वाचली. सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच. म्हणजे दारातनं विषाणू बहुधा एकदाच आत आला होता, आणि बाकी सगळं आतल्या आत पसरलं होतं. मग त्यांनी रुग्णांच्या फायली काढल्या. कोण कुठल्या खाटेवर होतं, कुणाला कधी कुठल्या वॉर्डात हलवलं, हे तारखेनिशी मांडलं. पेशंट या वॉर्डातनं त्या वॉर्डात सारखे हलवले जात होते आणि विषाणू त्यांच्याबरोबर फिरत होता. खाटेवरनं खाटेवर तो बहुधा हातांनी गेला, आणि सगळ्यांना वापरल्या जाणाऱ्या वस्तूंनी. थर्मामीटर, बीपीचा पट्टा, असल्या साध्या वस्तू.

इथं बारकाईनं बघा. ८० कर्मचारी आजारी पडले. आपल्याकडची रीत लावली असती तर सगळ्यांत आधी पॉझिटिव्ह आलेल्या नर्सला नाहीतर आयाला धरलं असतं. अक्षरं आणि फायली मिळून वेगळंच बोलल्या. चूक कुणा एका बाईची नव्हती, पेशंट हलवायच्या आणि वस्तू वापरायच्या पद्धतीची होती. बाईला जिने धुवायला पाठवून पद्धत काही सुधारत नाही.

इंग्लंडात केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात त्याच वसंतात हे काम आणखी झपाट्यानं केलं. नमुना आला की साधारण दिवसभरात अक्षरं वाचून व्हायची, म्हणजे साखळी चालू असतानाच ती दिसायला लागली. तिथं डायलिसिसला येणाऱ्या काही रुग्णांचे विषाणू जुळले, आणि चौकशीत त्यांच्यातल्या काहींची ने-आण एकाच गाडीतनं होत असल्याचं निघालं. आपल्याकडं तालुक्याच्या गावी डायलिसिसला जाणारे चौघं मिळून एक रिक्षा नाहीतर जीप ठरवतात. खर्च वाचतो, ते बरोबरच आहे. पण खोकला असलेला गडी त्या दिवशी वेगळा गेला आणि जीपच्या काचा उघड्या राहिल्या, तर बाकी तिघांचं भलं होईल.

आता केरळचं सांगते, कारण त्याचा एक धागा साताऱ्याला जोडलेला आहे. मे २०१८ मध्ये कोझिकोड भागात निपाह या भयंकर आजाराची साथ आली. आजार ओळखला जाईपर्यंत तो रुग्णालयांत पसरला होता. पेरांब्रा तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी २१ मे २०१८ ला गेल्या. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात बऱ्याच जणांना लागण झाली ती तपासणी विभागाबाहेरच्या व्हरांड्यात. त्यातले काही तर पेशंटही नव्हते, पेशंटबरोबर आलेले होते. नंबर यायची वाट बघत बसलेले. सख्यांनो, त्या व्हरांड्यात नेहमी कोण बसतं? आपणच बसतो की, सासऱ्यांची फाइल मांडीवर घेऊन.

एनआयव्हीनं तिथल्या माणसांतल्या आणि त्या भागातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांतल्या विषाणूची अक्षरं वाचली. ती जवळजवळ तंतोतंत जुळली. विषाणू मुळात कुठनं आला ते असं दिसलं. मार्च २०२० मध्ये याच संस्थेच्या पथकानं आपल्या महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली आणि त्यांच्यातही निपाहच्या खुणा सापडल्या. ही माहिती २०२१ मध्ये जाहीर झाली तेव्हा लगेच फोनवर आग पसरली. म्हणून नीट लिहिते. आपल्या राज्यात माणसाला निपाह झाल्याची नोंद नाही. गुहेत धूर करायला, वटवाघळं मारायला जाऊ नका. उलट त्यानंच माणूस आणि प्राणी जवळ येतात. पाखरानं किंवा वटवाघळानं टोकरलेलं फळ मुलांना देऊ नका, एवढं पुरे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र माझ्या मनातनं जात नाही. लिबिया देशात बेंगाझी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात ४०० हून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. १९९९ मध्ये बल्गेरियातनं नोकरीला आलेल्या पाच नर्स आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांना पकडलं. आरोप काय, तर यांनी मुद्दाम मुलांना विषाणू टोचला. फाशीची शिक्षा झाली. पुढं शास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या विषाणूंची अक्षरं वाचली, यातही डर्बनचे ते दि ऑलिव्हेरा होतेच. चुका किती साचल्यात त्यावरनं विषाणू किती दिवस फिरतोय याचा अंदाज बांधता येतो. अंदाज असा निघाला की ही परदेशी मंडळी मार्च १९९८ मध्ये कामावर येण्याच्या आधीपासनंच तो विषाणू त्या रुग्णालयात पसरत होता. मुलांना हेपटायटिस सीचीही लागण झालेली होती. म्हणजे सुया आणि उपकरणं नीट स्वच्छ न ठेवण्याचा जुना प्रकार. हा अभ्यास डिसेंबर २००६ मध्ये छापून आला. त्याच महिन्यात न्यायालयानं त्यांना पुन्हा फाशीच सुनावली. शेवटी देशादेशांच्या बोलण्यातनं त्या २४ जुलै २००७ ला सुटल्या. आठ वर्षं गेली.

तेव्हा अक्षरं खरं बोलली तरी ती ऐकायला माणसं तयार लागतात. आणि अक्षरांनाही मर्यादा आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. समजा दोघींचे विषाणू अक्षर न् अक्षर सारखे निघाले. तर एकीचा दुसरीला गेला, दुसरीचा पहिलीला गेला, का दोघींना तिसऱ्याच कुणाकडनं आला, हे नुसत्या अक्षरांवरनं सांगता येत नाही. दोन वह्या हुबेहूब असल्या तर कुठली आधीची? त्याला तारीख बघावी लागते. मधल्या एखाद्या पेशंटचा नमुनाच घेतला नसेल तर साखळीतली एक कडी गायब. पण न जुळणं मात्र फार पक्कं असतं. आयाच्या विषाणूत आणि पेशंटच्या विषाणूत दहा अक्षरांचा फरक निघाला, तर आठवड्याभरात तिच्याकडनं त्याला गेला असं म्हणताच येत नाही. माझ्या मते या तपासणीचा बायकांना सगळ्यांत मोठा उपयोग हाच. ती दोष काढायला जेवढी कामाची आहे त्याहून जास्त खोटा दोष पुसायला आहे.

ही तपासणी पेशंटच्या उपचारासाठी नसते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या माणसाला औषध कुठलं द्यायचं हे त्यानं बदलत नाही. साथीचा मार्ग शोधायला दवाखाना किंवा सरकार ती करवून घेतं. उद्या बिलात असलं काही दिसलं तर कशासाठी केलं, कुणी सांगितलं, हे विचारा.

आता आपल्या हातात काय आहे? डर्बनच्या लोकांना अक्षरांइतकाच उपयोग फायलींचा झाला, ते विसरू नका. घरचं कुणी दाखल झालं की एका साध्या वहीत लिहीत जा: ताप कुठल्या तारखेला आला, दाखल कधी केलं, वॉर्ड कुठला, खाट कितवी, हलवलं तर कधी आणि कुठं, शेजारच्या खाटेवरचं कुणी खोकत होतं का, भेटायला कोण कोण आलं. भावकीतली वीस माणसं टेम्पो करून भेटायला जातात, माया असते म्हणूनच जातात. तरी पेशंटजवळ एकानंच थांबावं, बाकीच्यांनी फोन करावा. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, तिथं डबा सोडायचा नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पाणी पाजायला आपण उठतोच, उठावंच. फक्त आधी नि नंतर साबणानं हात धुवा. सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं, हे विचारायला लाजू नका. डायलिसिसवर असलेल्यांनी हेपटायटिस बी आणि सीच्या तपासण्या केंद्र सांगेल त्या वेळेला करून रिपोर्ट फाइलला लावावेत, आणि हेपटायटिस बीच्या लशीचं डॉक्टरांना विचारावं.

ज्या सख्या दवाखान्यात कामाला आहेत त्यांना एक वेगळं सांगणं आहे. पहिला रिपोर्ट ज्याचा येतो तो पहिला आजारी असतोच असं नाही. कर्मचाऱ्यांची तपासणी बऱ्याचदा आधी होते, पेशंटची मागनं. म्हणून यादीत तुमचं नाव वर दिसतं. ते कुणी तुमच्या तोंडावर फेकलं तर हे सांगा, आणि आपली ड्यूटी कुठल्या दिवशी कुठल्या वॉर्डात होती ते स्वतःजवळ लिहिलेलं असू द्या.

आपल्या त्या सखीच्या वॉर्डातले नमुने तेव्हा कुणी ठेवले नाहीत, अक्षरं कुणी वाचली नाहीत. आता ती वाचता येणार नाहीत, हे मी तिला सभेतच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, त्या चौघांतल्या एकाला तर माझ्या रिपोर्टच्या तीन दिवस आधीपासनं कणकण होती, मीच सिस्टरना सांगितलं होतं. तारीख विचारली तर आठवेना. हल्ली तिच्या डब्याच्या पिशवीत एक चाळीस पानी वही असते. ड्यूटी, वॉर्ड, खाट आणि कुणाला ताप, एवढंच त्यात लिहिते.